दुष्काळानंतरचा माळ आणि गवताचं बियाणं: काय विकत घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

रोहिणी संपून मृग लागायच्या सुमाराला कृषी सेवा केंद्रांत ‘कुरण मिश्रण’, म्हणजे निरनिराळ्या गवतांचं एकत्र बी, मागणारी गिऱ्हाइकं दिसायला लागतात. आदल्या वर्षी पावसानं दडी मारलेली असते, माळ टकला पडलेला असतो आणि पिशवीवरचं हिरवंगार चित्र बघून हात खिशाकडं जातो. हे परीक्षण त्या पिशवीचं आहे. शिवाय अंजन आणि पवना या गवतांचं सुटं बी, मारवेल गवताचे ठोंब आणि स्टायलो हे शेंगवर्गीय चाऱ्याचं झुडूप यांचंही. निकाल आधीच सांगून टाकतो: मिश्रणाच्या पिशवीला पाचपैकी दोन गुण, मारवेलच्या ठोंबांना साडेचार, अंजनाला चार, स्टायलोला तीन. पवन्याला गुण देण्यात अर्थ नाही, कारण त्याचं खात्रीचं बी बाजारात सहसा मिळतच नाही. आणि बऱ्याच माळांना यातलं काहीही विकत घ्यायची गरज नसते.

कोल्हापुरात कसला आलाय दुष्काळ, असं बाहेरची माणसं म्हणतात. गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो हे खरं, पण तिथून पूर्वेला शिरोळपर्यंत येईतो तो पाचशे-सहाशेवर उतरतो. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर राज्य सरकारनं ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यांत हातकणंगले आणि गडहिंग्लज होते. कुंभोज-बाहुबलीच्या टेकड्या, आळत्याच्या रामलिंगाचा डोंगर, गडहिंग्लजच्या पूर्वेचं मुरमाड रान आणि पुढं जत-आटपाडीकडं सरकत जाणारा पट्टा, एवढ्यासाठीच हे लिहिलं आहे. पन्हाळा-शाहूवाडीच्या सड्यांचं, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारांचं, गणित निराळं. तिथं यातला कुठलाही सल्ला वापरू नये.

पिशवीआधी खुरपं

माळावरची कामाची गवतं, म्हणजे पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी, ही बहुवर्षायू आहेत. त्यांचा जीव वरच्या काडीत नसतो. तो जमिनीलगतच्या ठोंबात, मातीच्या वर-खाली बोटभर जागेतल्या डोळ्यांत असतो. दुष्काळात काडी वाळते, करडी पडते, मोडून जाते; डोळे मात्र निपचित पडून पावसाची वाट बघतात. पाऊस झाला की माळ हिरवा होतो तो मुख्यतः या डोळ्यांतून. बियातून उगवलेल्या रोपांचा वाटा पहिल्या वर्षी थोडाच असतो.

म्हणून मे महिन्यात माळावर जाऊन ठोंब अर्धा उकरायचा आणि बुडखा चिरून बघायचा. गाभा पांढरट, किंचित ओलसर आणि काडीच्या बुडाशी टोकदार कोंब दिसला तर ठोंब जिवंत. तपकिरी, पोकळ, चिमटीत भुगा होणारा किंवा वाळवीनं भरलेला असला तर मेला. मधला भाग मेलेला आणि कड जिवंत असंही नेहमी दिसतं. जुने ठोंब मधून मरतात आणि कडेनं फुटतात, त्यांना जिवंतच धरायचं. शंका राहिली तर दहा-बारा ठोंब मातीसकट उचलून गोणपाटावर सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. जिवंत असतील त्यांना आठ-दहा दिवसांत हिरवं टोक दिसतं.

मग मोजणी. माळावर तिरक्या रेषेत १०० पावलं चालायचं आणि प्रत्येक पावलाला पायाच्या अंगठ्यासमोर हातभर अंतरात जिवंत ठोंब आहे का ते बघायचं. ६० च्या वर ‘आहे’ निघालं तर बियाण्यावर पैसा घालू नका. ३० ते ६० निघालं तर फक्त टकल्या जागा भरा. ३० च्या खाली गेलं तरच सगळ्या रानाचा विचार करायचा. हे आकडे कुठल्या नियमावलीतले नाहीत, कामचलाऊ ठोकताळा आहे. उतार जास्त असेल तर तो आणखी कडक धरावा, कारण टकल्या उतारावर माती थांबत नाही.

दुष्काळ एकटा ठोंब क्वचितच मारतो. मारतं ते पहिल्या फुटव्यावर पडलेलं जनावराचं तोंड. पावसानंतर येणारी पहिली तीन-चार पानं ठोंबात आणि मुळांत साठवलेल्या अन्नावर वाढतात. ती पानं स्वतः अन्न तयार करायला लागेपर्यंत साठा रिकामा होत असतो. याच वेळी शेरडं-मेंढरं सोडली आणि तीच पानं दोन-तीनदा खाल्ली गेली, की मुळं आखडतात आणि पुढच्या उघडिपीत ठोंब बसतो. मग दोष दुष्काळाला मिळतो.

आणखी एक गोष्ट फसवते. दुष्काळानंतरच्या चांगल्या पावसाच्या वर्षीही वैरण नेहमीपेक्षा कमीच निघते. पाऊस पुरेसा असतो, पण ते पाणी वापरायला फुटवे कमी उरलेले असतात. ही तूट बघून लोक ‘माळ गेला’ म्हणतात आणि नांगर घालून मिश्रण पेरतात. नांगरानं उरलेसुरले जिवंत ठोंबही उलथे पडतात आणि उघडी माती पहिल्या जोराच्या सरीबरोबर ओढ्याला जाते. पिशवीवर कितीही चांगलं बी असल्याचं लिहिलेलं असो, नांगरलेला माळ तीन वर्षं मागं गेलाच म्हणून समजा.

माळ उतरतो कसा, हेही ध्यानात ठेवावं. चराई वाढली की आधी पवना जातो, मग मारवेल आणि डोंगरी विरळ होतात, कुसळी बरीच टिकते आणि शेवटी अ‍ॅरिस्टिडासारखी बारीक, चरबट गवतं उरतात. उघड्या जागेत तरोटा आणि गाजर गवत घुसतं. परत येताना क्रम साधारण उलटा, पण फार सावकाश. त्यामुळं पहिल्या पावसाळ्यात तरोटा माजला म्हणून घाबरून तणनाशक मारू नये. फुलण्याआधी उपटा किंवा कापा. ते तण उघड्या मातीवर निदान सावली तरी धरतं. गाजर गवत मात्र फुलावर येऊच देऊ नये.

कुसळीचं बी कोणी पैसे देऊन आणू नये. तिची कुसळं ओलीनं पिळतात-सुटतात आणि बी स्वतःहून मातीत रुतवतात, त्यामुळं ती आपोआप पसरते. तशीच ती मेंढराच्या लोकरीत, कातडीत आणि डोळ्यांतही रुततात. फुलोऱ्याआधी कापली तर वैरण म्हणून ठीक, नंतर त्रासच.

पवना-मारवेलचं बी मातीत फार काळ टिकत नाही. एक-दोन पावसाळ्यांत ते उगवतं, कुजतं किंवा मुंग्या नेतात. एका वर्षाच्या दुष्काळानंतर मातीत थोडंफार बी असतं. ओळीनं दोन-तीन वर्षं पाऊस चुकला आणि चराई चालूच राहिली तर ते संपतं. विकतच्या बियाण्याची खरी गरज लागते ती या दुसऱ्या परिस्थितीत.

मिश्रणाच्या पिशवीला दोनच गुण का

पहिली अडचण खूणचिठ्ठीची. पैदासकार बियाण्याला पिवळी, पायाभूतला पांढरी, प्रमाणितला निळी आणि सत्यप्रतला हिरवी चिठ्ठी असते. मिश्रणाच्या पिशवीवर चिठ्ठी सापडली तर ती हिरवी, म्हणजे विकणाऱ्यानं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेली. त्यात गैर काही नाही, पण आत कोणत्या गवताचं बी किती टक्के, हे लिहिलेलं नसेल तर ती पिशवी ठेवून द्यावी.

दुसरी अडचण आतल्या मालाची. अशा मिश्रणांत दीनानाथसारखं एकवर्षायू गवत घातलेलं असतं. पहिल्या पावसाळ्यात ते कमरेएवढं होतं, गिऱ्हाईक खूश होतं. दुसऱ्या वर्षी त्याचं बी जिथं पडलं तिथं उगवतं आणि बहुवर्षायू रोपांना दाबून टाकतं. शिवाय काळ्या रानाचा मारवेल आणि हलक्या रानाचं अंजन एकाच पिशवीत घातल्यावर कुठल्याही एका शेतात अर्धं बी फुकट जाणार हे ठरलेलंच.

तिसरी गोष्ट उगवणीची. गहू-हरभऱ्याची सवय असलेल्या माणसाला गवताच्या बियाची उगवण ऐकून धक्का बसतो. अंजनाच्या प्रमाणित बियाण्यालासुद्धा उगवणीची किमान मर्यादा ३० टक्के आहे. त्यामुळं दर किलोवर ठरवू नये. शुद्धता आणि उगवण यांचा गुणाकार करून किलोत जिवंत बी किती ते काढावं. समजा एक पिशवी ६०० रुपये किलो, शुद्धता ६० टक्के, उगवण २५ टक्के: जिवंत बी १५० ग्रॅम, म्हणजे जिवंत बियाचा भाव ४,००० रुपये किलो. दुसरी ९०० रुपये किलो, शुद्धता ८० टक्के, उगवण ४० टक्के: जिवंत बी ३२० ग्रॅम, भाव साधारण २,८०० रुपये. महाग पिशवीच स्वस्त पडली.

घेण्याआधी मूठभर नमुना मागा. गवताचं बी म्हणजे नुसतं भुसकट वाटतं. तळहातावर चोळून फुंकर मारा आणि आत दाणा आहे का बघा. १०० कणसुलं मोजून चोळली आणि दाणे वीस-पंचवीसच निघाले तर बाकीचं तुम्ही भुशाच्या भावानं नव्हे, बियाच्या भावानं घेताय. घरची उगवण चाचणी अशी: १०० दाणे ओल्या कागदाच्या दोन थरांत, उबदार जागी, १४ दिवस. पाणी साधं वापरण्याऐवजी लिटरला २ ग्रॅम १३-०-४५ घाला. ते पोटॅशियम नायट्रेटच असतं आणि सुप्तावस्था मोडायला मदत करतं. द्राक्षवाल्यांच्या दुकानात हमखास मिळतं.

सुप्तावस्थेचा मुद्दा दुकानदार सहसा सांगत नाहीत. अंजन, मारवेल, पवना यांचं ताजं बी नीट उगवत नाही. काढणीनंतर सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. ‘एकदम ताजा माल’ ही इथं तक्रारीची बाब आहे. आदल्या दिवाळीच्या सुमाराचं बी जूनला बरंचसं तयार असतं, त्याच्याही आधीच्या वर्षीचं नीट कोरडं ठेवलेलं असेल तर आणखी चांगलं. दोन-तीन वर्षांपलीकडचं मात्र नको.

एकेक गवत

मारवेलला साडेचार गुण मिळाले ते ठोंबांना, बियाला नाहीत. मध्यम ते काळ्या रानात याच्याइतकं भरवशाचं गवत दुसरं नाही. ‘मारवेल-८’ हा जुना, पारखलेला वाण. पण खरं सांगायचं तर शिरोळ-हातकणंगल्याच्या बांधांवर मारवेल आपोआप वाढलेला असतो. ओळखता येत असेल तर विकत कशाला? ठोंब उकरून दोन-तीन काड्यांचे मुळासकट तुकडे करायचे, शेंडा छाटून साधारण वीतभर ठेवायचा, ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि त्याच दिवशी लावायचे. एक दिवस उन्हात ट्रॉलीत राहिलेले ठोंब निम्मे मरतात. ५० बाय ५० सेंटिमीटरवर एकरी १६,००० ठोंब बसतात, पण टकल्या जागाच भरायच्या असतील तर एवढे लागत नाहीत. लावणी जुलैत, झड लागलेली असताना करावी. मृगातच लावून मोकळं व्हायची घाई नडते. मुरमाड टेकाडावर मारवेल लावू नका, तो तिथं तगून राहतो पण वैरण देत नाही.

अंजन हलक्या, निचऱ्याच्या रानाचं. बी एकरी दोन ते अडीच किलो. झाशीच्या भारतीय गवत आणि चारा संशोधन संस्थेचे बुंदेल अंजन-१ आणि ३, जोधपूरच्या काझरीचं (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेचं) मारवाड अंजन हे वाण मागून घ्यावेत. पाणी साठणाऱ्या रानात ते सडतं. एक गुण कापला तो यासाठी, की जिथं पवना अजून शाबूत आहे तिथं अंजन आणून पेरणं शहाणपणाचं नाही. ऑस्ट्रेलियात हेच गवत चाऱ्यासाठी नेलं आणि आता ते तिथल्या स्थानिक वनस्पतींना हुसकावणारं तण झालं आहे. पार उजाड खाजगी पडीक रानात बिनधास्त वापरा.

पवना मुरमाड उताराचा राजा. त्याचं बी स्वतःच गोळा करावं. गावच्या देवराईत, दर्ग्याच्या किंवा देवळाच्या राखलेल्या आवारात, कुंपणाच्या आत तो टिकून असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी पिकलं की भराभर झडतं, त्यामुळं दोन-तीन फेऱ्यांत हातानं ओरबाडून घ्यावं आणि कापडी पिशवीत ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट राहून बुरशी येते. बी ओरबाडायचा कंटाळा असेल तर त्याहून सोपं: बी धरलेलं गवत कापून टकल्या जागेवर तसंच अंथरावं. बीही पडतं आणि मातीवर आच्छादनही होतं. ओळखीबद्दल खात्री नसेल तर वाळलेली ओंबी घेऊन शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात विचारावं. गवतांच्या वर्गीकरणाचं काम तिथं पूर्वीपासून चालतं.

स्टायलो हे गवत नव्हे, शेंगवर्गीय झुडूप. गवताबरोबर एकरी दीड-दोन किलो. टरफल कठीण असतं; ८० अंशाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं बुडवून लगेच थंड पाण्यात काढावं. ही पायरी चुकवली तर बी उगवत नाही आणि दुकानदाराला शिव्या बसतात. उकळत्या पाण्यात ठेवलं तर बी शिजतं, तेही होतं. स्काब्रा प्रकार बहुवर्षायू, हमाटा लवकर संपतो पण स्वतःचं बी टाकत राहतो. करपा दोघांवर येतो. ओल्या स्टायलोला जनावरं आधी नाक मुरडतात, वाळल्यावर खातात. सुपर फॉस्फेट एकरी दीड-दोन पोती घातलं तरच पैसे वसूल.

जाता जाता नेपिअर गवताचं. डीएचएन-६, फुले जयवंत ही उत्तम हिरवी वैरण आहे, पण पाण्याखालची. ‘दुष्काळी चारा’ म्हणून तिच्या कांड्या माळासाठी खपवणाऱ्याकडं पाठ फिरवावी.

पेरणीत कुठं चुकतं

बी एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेलं की वर येत नाही. फासाची पाळी घालून वर बी पेरणं आणि काट्याची फांदी ओढणं एवढंच पुरे. हलकं बी वाऱ्यानं उडतं, म्हणून गोळ्या कराव्यात: बी १, शेण १, चिकणमाती ३, वाळू १, वजनानं. पाणी बेताचं घालून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळायच्या आणि सावलीत वाळवायच्या. मुंग्यांचाही त्रास कमी होतो. फार चिकट काळी माती घेतली तर गोळी दगडासारखी होते आणि कोंब बाहेर पडत नाही.

वळवाच्या भरवशावर पेरू नका. एका जोराच्या वळवानं बी उगवतं आणि मागून पंधरा दिवस ऊन पडलं की सगळी रोपं जळतात. ठोंब ही उघडीप सोसतो, बोटभर रोप सोसत नाही. जमीन वीतभर ओली होऊन पाऊस लागून राहिल्यावर पेरावं, मग मृग सरून आर्द्रा लागल्या तरी चालेल. उतारावर आडव्या बारीक चरी मारून चरीच्या खालच्या भरावावर बी टाकलं तर टिकतं. टकल्या जागी वर बाभळीच्या काटेरी फांद्या टाकाव्यात; सावली मिळते आणि जनावराचं तोंड लागत नाही.

पहिला पावसाळा पूर्ण चराईबंदी. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेच्या सुमारास, बी झडायला लागल्यावर, एकदाच विळ्यानं कापायचं, जमिनीपासून चार बोटं वर. दुसऱ्या वर्षी ठोंब जमल्यावर पावसात एकरी १७-१८ किलो युरिया द्यायला हरकत नाही. पहिल्या वर्षी दिला तर तो तरोट्याच्या पोटात जातो. दुसऱ्या वर्षी निम्मा माळ फुलोऱ्यावर कापावा, निम्मा बियासाठी ठेवावा. चराई तिसऱ्या वर्षापासून, तीही फिरती. गायरान असेल तर तीन भाग करून एक भाग आळीपाळीनं बंद ठेवायचा ठराव ग्रामसभेत आधी घ्यावा. तो नसेल तर बियाण्याचा खर्च करूच नये, मेंढपाळाशी भांडण तेवढं पदरात पडतं. उसाचं वाडं उपलब्ध असतं त्या गाळप हंगामात माळ बंद ठेवणं सोपं जातं. खरी कसोटी कारखाने बंद झाल्यावर एप्रिल-मेमध्ये लागते.

खरेदी मार्च-एप्रिलमध्ये करावी, म्हणजे घरची चाचणी घ्यायला वेळ राहतो. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ, झाशीच्या संस्थेचं धारवाडचं केंद्र आणि उरुळी कांचनची बाएफ ही ग्रामीण विकास संस्था यांच्याकडं आधी फोन करून साठा विचारावा. मग स्थानिक दुकान. चिठ्ठीवरची चाचणीची तारीख बघावी, प्रमाणित बियाण्याची वैधता तिथून ९ महिने धरतात. पावती, लॉट नंबर आणि चिठ्ठी जपून ठेवावी आणि पिशवीतलं शंभरेक ग्रॅम बी बाजूला बांधून ठेवावं. उगवण झाली नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करताना हेच मागतात. मात्र तक्रारीआधी स्वतःच्या चाचणीचा कागद बघा: शंभरात तीस उगवले असतील तर अंजनाच्या पिशवीत खोट नाही, पेरणीची खोली तपासा.